नॉर्वेची माणसे, अमेरिकेची कीर्ती आणि आपला किनारा

नॉर्वेजियन वंशाच्या नामवंत अमेरिकनांची यादी कोणी करू लागले की तिच्यात दोन उपाध्यक्ष, एक सरन्यायाधीश, काही नोबेल विजेते आणि एक हॉटेलवाला हमखास येतात. जेमतेम पंचावन्न लाख वस्तीच्या देशाच्या मानाने ही यादी मोठीच म्हणावी लागेल. परंतु मालवणात बसून ती वाचणाऱ्या माणसाने ती कोणत्या निकषावर वाचावी, हा वेगळा प्रश्न आहे. वंशाचा अभिमान हा ज्याचा त्याचा घरगुती मामला असतो. मला उत्सुकता होती ती यांपैकी कोणाचे काम आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचले याची. त्या दृष्टीने पाहू लागलो तेव्हा यादीचा क्रम पार उलटला. पदे मिळवणारे मागे गेले, आणि मिलवॉकीच्या एका यंत्रकारागिराला व सॅन फ्रान्सिस्कोच्या एका खलाशाला पुढे आणून बसवावे लागले.

विषयाला तोंड फुटले ते माझ्या भाच्यामुळे. तो नॉर्वेजियन मालकीच्या एका जहाजावर सेकंड इंजिनियर आहे. त्याच्या कप्तानाचे निम्मे गाव म्हणे मिनेसोटात आहे. हे सांगून तो म्हणाला, “मामा, आपलं निम्मं गाव लालबाग-परळला होतं, तसंच समजा.” तुलना सहज केलेली असली तरी ती बरीच दूरपर्यंत नेता येते, आणि जिथे ती तुटते ती जागाही पाहण्यासारखी आहे.

नॉर्वेचा किनारा म्हणजे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये हाताच्या तळव्याएवढी शेती. देशाच्या एकूण जमिनीपैकी लागवडीखाली येणारी जमीन सुमारे तीन टक्के आहे. एकोणिसाव्या शतकात तिथली लोकसंख्या झपाट्याने वाढली, जमीन मात्र तेवढीच राहिली. तिथे जुन्या वारसा-प्रथेने शेतवाडी अखंड ठेवून सहसा थोरल्या मुलाकडे जात असे. धाकट्यांपैकी पुष्कळांना दुसऱ्याच्या जमिनीच्या कडेला झोपडे बांधून, त्याच्या मोबदल्यात मालकाकडे राबावे लागे. खोताच्या जमिनीवरील कुळाची स्थिती ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे उलट घडले. जमिनीचे वाटे पडत गेले, सातबाऱ्यावर नावांची रांग लागली, आणि कोणाच्याच वाट्याला पोटापुरते आले नाही, तरी नाव मात्र प्रत्येकाचे राहिले. मला वाटते की चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला परत येत राहिला याचे एक कारण या सातबाऱ्यात आहे. नॉर्वेतल्या धाकट्या मुलाचे नाव कुठेच नव्हते, म्हणून तो बायकामुलांसह गेला आणि बहुधा गेला तो गेलाच.

या स्थलांतराची सुरुवात ४ जुलै १८२५ या दिवसापासून मोजतात. त्या दिवशी स्टाव्हांगर बंदरातून ‘रेस्टोरेशन’ नावाचे एक लहानसे शिडाचे गलबत बावन्न माणसे घेऊन निघाले. लांबी साधारण सोळा मीटर, म्हणजे आपल्या बंदरातल्या आजच्या मध्यमशा ट्रॉलरएवढी. त्यांत राज्यमान्य चर्चच्या बाहेर उपासना करणारे क्वेकर आणि त्यांच्याशी जवळीक असलेले लोक बरेच होते. ९ ऑक्टोबरला ते न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा माणसे त्रेपन्न झाली होती, कारण वाटेत एक मूल जन्मले होते. गलबताच्या आकाराच्या मानाने प्रवासी फार म्हणून तिथल्या अधिकाऱ्यांनी ते जप्त केले, आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी तो दंड माफ केला. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक नॉर्वेजियन अमेरिकेला गेले. १८०१ साली त्या देशाची सबंध लोकसंख्याच नऊ लाखांच्या आत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. लोकसंख्येच्या प्रमाणात यापेक्षा जास्त माणसे युरोपातून फक्त आयर्लंडने पाठवली.

गेलेल्यांना मिळाली ती सपाट जमीन. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने प्रत्येक अर्जदार कुटुंबाला पाच वर्षे कसण्याच्या अटीवर १६० एकर मिळू लागले. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा आणि डकोटाच्या माळरानावर नॉर्वेजियन वस्त्या उभ्या राहिल्या. ही जमीन रिकामी नव्हती. ज्या वर्षी तो कायदा झाला त्याच वर्षी मिनेसोटात तिथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांशी युद्ध झाले आणि त्यानंतर त्यांना त्या राज्यातून हाकलण्यात आले. नामवंतांच्या याद्यांमध्ये ही बाजू सहसा येत नाही. यायला हवी, कारण पुढच्या पिढ्यांची सगळी शाळा-कॉलेजे त्या १६० एकरांच्या उत्पन्नावर झाली आहेत.

यादीतल्या आडनावांची एक गंमत इथेच सांगून टाकतो. आपल्याकडे आडनावाला ‘कर’ लागला की मूळ गाव कळते. त्यांच्याकडे शेतवाडीचे नाव माणसाला चिकटत असे. नॉर्वेत गावात राहताना माणूस मुख्यतः बापाच्या नावाने ओळखला जाई, म्हणजे ओलेचा मुलगा तो ओल्सेन. अमेरिकेत गेल्यावर मात्र ओल्सेन आणि अँडरसन यांचा सुकाळ झाला आणि अनेकांनी सोडून आलेल्या वाडीचे नाव कायमचे लावून घेतले. वॉल्टर मोंडेल यांचे आडनाव सोग्न भागातल्या मुंडाल या ठिकाणावरून आले आहे. नोटर डेम विद्यापीठाचे विख्यात अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉक्नी हे स्वतः व्होस गावी जन्मले आणि त्यांचे नावही तिथल्या शेतवाडीचे. सगळ्यांत आश्चर्याचे आडनाव म्हणजे हिल्टन. जगभरच्या हॉटेलांवर झळकणारे हे नाव इंग्रजी आहे असेच कोणालाही वाटेल. ओस्लोच्या उत्तरेला क्लॉफ्टा इथून न्यू मेक्सिकोत आलेल्या ऑगस्टस हालव्होरसेन यांनी आपल्या वाडीचे ते नाव सोबत आणले. त्यांचा मुलगा कॉनराड १८८७ साली जन्मला. १९०७ च्या मंदीत बापाचा व्यापार अडचणीत आला तेव्हा घरातल्या काही खोल्या वाटसरूंना भाड्याने देणे सुरू झाले आणि रात्री-अपरात्री स्टेशनवर जाऊन गिऱ्हाईक घेऊन येण्याचे काम कॉनराडकडे आले. आज तारकर्लीच्या रस्त्याला ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशा पाट्या लावून बसलेल्या आमच्या शेजाऱ्यांना ही गोष्ट मी आवर्जून सांगतो. त्यांचा त्यावरचा प्रश्न ठरलेला असतो, की जेवणात मासे होते का.

राजकारणातील आणि इतर क्षेत्रांतील नावे मी भराभर घेतो. ह्यूबर्ट हंफ्री (१९६५ ते १९६९) आणि वॉल्टर मोंडेल (१९७७ ते १९८१) हे दोघेही मिनेसोटाचे, दोघेही उपाध्यक्ष झाले आणि दोघेही अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हरले. हंफ्री यांची आई नॉर्वेत जन्मली होती. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांचे वडील स्टाव्हांगरकडचे, आई स्वीडिश, आणि वडिलांची नोकरी कॅलिफोर्नियात रेल्वेत. शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १७ मे १९५४ चा एकमुखी निकाल वॉरन यांनी वाचला. परंतु त्याआधी, १९४२ मध्ये, राज्याचे महाधिवक्ते असताना जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्याचा पाठपुरावा करणारेही तेच होते. अर्नेस्ट लॉरेन्स यांचे आजी-आजोबा नॉर्वेचे. त्यांनी सायक्लोट्रॉन, म्हणजे अणूतल्या कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र, बनवले, १९३९ चे नोबेल मिळवले, आणि त्यांच्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत शिकून आलेल्या बी. डी. नागचौधुरी यांनी मेघनाद साहांच्या सोबतीने कोलकात्यात सायक्लोट्रॉन उभारण्याचे काम हाती घेतले. बेब डिड्रिक्सन या टेक्सासच्या मुलीचे वडील जहाजावर सुतारकाम केलेले. तिने १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये भालाफेक आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्ण व उंच उडीत रौप्य मिळवले, मग गोल्फकडे वळली, आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षी, १९५४ मध्ये, महिलांची यूएस ओपन जिंकली. टेलेमार्कचा स्नोशू थॉम्पसन तर वीस वर्षे हिवाळ्यात लाकडी स्की बांधून सिएरा नेवाडाच्या बर्फातून टपालाची पिशवी ओलांडत राहिला आणि सरकारने त्याला त्याचे पैसे अखेरपर्यंत दिले नाहीत. ही सगळी माणसे मोठीच आहेत. आपल्या किनाऱ्याशी मात्र त्यांचा संबंध लांबचा.

गव्हाचे संशोधक नॉर्मन बोरलॉग यांचे तसे नाही. त्यांचे पणजोबा-पणजी १८५४ मध्ये सोग्न भागातून निघाले, आणि नॉर्मन १९१४ मध्ये आयोवात क्रेस्को गावाजवळच्या शेतावर जन्मले. मेक्सिकोत १९४४ पासून त्यांनी जे केले ते वाचताना प्रयोगशाळेपेक्षा शेतमजुरीच जास्त आठवते. गव्हाच्या ओंबीतील एकेका फुलातले पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे, परागकण भलतीकडून येऊ नयेत म्हणून ओंबीवर कागदी टोपण घालायचे, काही दिवसांनी दुसऱ्या जातीचे पराग आणून लावायचे, आणि हे हजारो ओंब्यांवर करायचे. वर्षात एकच पीक हाती येते म्हणून त्यांनी समुद्रसपाटीजवळचे सोनोरा आणि मध्य मेक्सिकोतला उंच पठारी प्रदेश अशा दोन ठिकाणी आळीपाळीने पेरणी केली. त्यामुळे काम दुप्पट वेगाने झाले, आणि वेगवेगळ्या हवामानांत टिकणारा वाण अनायासे तयार झाला. त्यात जपानच्या नोरिन १० या जातीचा बुटकेपणा आल्यावर खत घातले तरी पीक आडवे पडेनासे झाले.

१९६६ मध्ये भारताने या बुटक्या गव्हाचे १८,००० टन बियाणे आणले. तेव्हाचे कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांचे राजकीय बळ आणि एम. एस. स्वामिनाथन यांची शास्त्रीय बाजू त्यामागे होती. १९६५ मध्ये देशाचा गहू १ कोटी २३ लाख टन होता, तो १९७० मध्ये २ कोटींच्या वर गेला. बोरलॉग यांना त्याच वर्षी शांततेचे नोबेल मिळाले आणि २००६ मध्ये भारताने त्यांना पद्मविभूषण दिले.

कोकणात गहू पिकत नाही. आमच्या घरी भात, तांदळाची भाकरी आणि नाचणी; चपाती ही पाहुण्याची किंवा आजाऱ्याची. रेशनच्या दुकानात अमेरिकेहून मदत म्हणून आलेला लालसर गहू मिळे, त्याबद्दल जुनी माणसे अजून तोंड वाकडे करून बोलतात. आज मालवणात कुठल्याही घरी सकाळी डब्याला चपाती असते, त्याचे मूळ पंजाबातल्या त्या पिकात आहे, आणि त्या पिकाचे एक मूळ आयोवात. त्याचा हिशेब पंजाबच्या खाली गेलेल्या पाण्याच्या पातळीसह मांडावा लागतो हे खरे. परंतु १९६६ च्या दुष्काळात धान्याच्या जहाजाची वाट पाहणाऱ्या देशाला ते सांगून उपयोग नव्हता.

थॉर्स्टीन व्हेब्लेन यांचे नाव मी इथे घेतो ते थोड्या खट्याळपणाने. नॉर्वेच्या वाल्द्रेस भागात दोन्हीकडच्या आजोबांचे जमिनीवरचे हक्क गेलेल्या कुटुंबातला हा मुलगा १८५७ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये जन्मला, मिनेसोटाच्या शेतावर नॉर्वेजियन बोलत वाढला आणि अर्थशास्त्रज्ञ झाला. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या सर्वांत गाजलेल्या ग्रंथात त्यांनी असे मांडले, की श्रीमंत माणूस पुष्कळसा खर्च गरजेसाठी करत नाही, आपल्याला खर्च परवडतो हे इतरांना दिसावे म्हणून करतो. आणि जी वस्तू जितकी निरुपयोगी तितकी ती या कामाला जास्त उपयोगी पडते. आमच्या वाडीत वर्षातून दोनदा उघडणारे, मार्बल घातलेले, चार बाथरूमचे बंगले आहेत. एकाच्या गच्चीवर काँक्रीटचे विमान आहे. जमिनीच्या तुकड्यावरून ज्यांचे आजोबा मुंबईला गेले त्यांच्या नातवंडांनी ते बांधले आहेत. त्यांच्याकडे पाहून मला व्हेब्लेन आठवतात, परंतु त्यांच्याइतके कठोर होणे मला जमत नाही. त्यांनी शिकागोच्या धनिकांकडे पाहून लिहिले होते; इथे ज्याला दाखवायचे आहे तो शेजारी आजोबांना घर सोडताना पाहणाऱ्यांपैकी आहे, आणि हा खर्च त्याला उद्देशून आहे.

आता यंत्रकारागिराकडे येतो. ओले एव्हिनरूड १८७७ मध्ये नॉर्वेत योव्हिक गावाजवळ जन्मला आणि पाच वर्षांचा असताना विस्कॉन्सिनला आला. आडनाव आईच्या शेतवाडीचे. शालेय शिक्षण थोडके. सोळाव्या वर्षी तो शहरात जाऊन कारखान्यांत काम शिकू लागला आणि रात्री पुस्तकांतून गणित व यंत्रशास्त्र वाचू लागला. त्याच्याविषयी सांगितली जाणारी गोष्ट अशी, की उन्हाळ्यात एका तळ्याकाठी सहलीला गेले असताना बेस कॅरी या त्याच्या मैत्रिणीला आइस्क्रीम खावेसे वाटले. तो वल्ही मारत पलीकडे गेला, घेऊन आला, तोवर ते वितळून गेले होते. गोष्टीला मागाहून थोडा रंग चढला असेल. होडीच्या मागे टांगायचे इंजिन त्याच्या आधीही कॅमेरन वॉटरमन नावाच्या गृहस्थाने केले होते. परंतु रोज वापरात टिकेल आणि सामान्य माणसाला विकत घेता येईल असे यंत्र बाजारात रुजवले ते ओलेने. १९०९ मध्ये विक्रीला आलेले त्याचे यंत्र दीड अश्वशक्तीचे होते आणि त्याचे वजन ६२ पौंड, म्हणजे अठ्ठावीस किलो होते. पहिला नमुना पाहून बेसने त्याला कॉफी दळायच्या यंत्राची उपमा दिली होती असे सांगतात. तोवर त्यांचे लग्न झाले होते, आणि धंद्याचा पत्रव्यवहार, हिशेब व जाहिरात हे सगळे तीच पाहत होती. ‘वल्ही फेकून द्या’ अशा अर्थाची जी जाहिरात गाजली ती बेसची. तिच्या प्रकृतीसाठी ओलेने काही वर्षांनी कारखाना भागीदाराला विकला आणि पुन्हा याच धंद्यात न उतरण्याची मुदत पाळली. ती संपल्यावर ॲल्युमिनियम वापरून त्याने आधीच्यापेक्षा पुष्कळ हलके यंत्र बनवले आणि १९२१ मध्ये नवी कंपनी काढली. बेस १९३३ मध्ये गेली, तो १९३४ मध्ये.

या यंत्राने आपल्याकडे काय केले ते पाहायचे तर मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर पहाटे उभे राहावे. दोघे जण खांद्यावर आडव्या बांबूला अडकवलेले मशीन घेऊन वाळूतून येतात, होडीच्या मागच्या फळीवर ते ठेवून दोन्ही स्क्रू हाताने आवळतात, आणि मशीन सुटले तरी समुद्रात जाऊ नये म्हणून एक दोरी आतल्या आडव्या लाकडाला बांधतात. पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घेण्याची जुनी पद्धत अजून काही जणांकडे आहे. दोरी ओढली, एकदा, दोनदा, मग प्लग काढून पुसला, फुंकर मारली, पुन्हा ओढली. परत येताना पाणी गुडघ्याएवढे झाले की मशीन वर उचलून पंखा वाळूला लागू द्यायचा नाही, आणि उरलेले अंतर लाट नेते. ही उचलण्याची सोय आहे म्हणूनच जेटी नसलेल्या किनाऱ्यावर, थेट वाळूवर चढणाऱ्या लहान होडीला इंजिन वापरता आले. होडीच्या पोटात बसवलेल्या इंजिनाला, ज्याचा पंखा कायम खाली असतो, हे शक्य नव्हते. ट्रॉलरवाल्यांना बंदर लागते; या माणसांना फक्त वाळू पुरते. पारंपरिक मच्छिमार आणि यांत्रिक नौका यांच्या झगड्यात छोट्या होडीवाल्याने जो टिकाव धरला त्याचा मोठा भाग या मशीनमध्ये आहे.

अर्थात जाहिरातीतली वल्ही फेकण्याची गोष्ट इथे कोणी मनावर घेतलेली नाही. होडीत वल्हे असतेच. “मशीन रुसला तर वल्ह्याशिवाय गती नाय,” असे एका जाणत्या तांडेलाने मला सांगितले, आणि त्याच्या होडीवरचे मशीन जपानी होते. आज आपल्या किनाऱ्यावर यामाहा आणि सुझुकी हीच नावे ऐकू येतात. एव्हिनरूड नावाच्या यंत्रांचे उत्पादन २०२० मध्ये थांबले. तांडेलाला ओलेचे नाव माहीत असण्याचे कारण नाही, आणि त्याने काही अडतही नाही.

खलाशाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. अँड्र्यू फुरुसेथ १८५४ मध्ये नॉर्वेतल्या रोमेदाल इथे गरीब कुटुंबात जन्मला, एकोणिसाव्या वर्षी समुद्रावर गेला, अनेक देशांच्या जहाजांवर राबला आणि १८८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला उतरला. पुढे तो पॅसिफिक किनाऱ्यावरील खलाशांच्या संघटनेचा चिटणीस झाला आणि कित्येक दशके राहिला. त्या काळी करार पुरा होण्याआधी जहाज सोडणारा खलाशी गुन्हेगार ठरे. १८९५ मध्ये ‘अरागो’ नावाच्या जहाजावरून चार जण ऑरेगॉनच्या बंदरात उतरून गेले. त्यांना पकडून तुरुंगात ठेवले आणि जहाज निघताना जबरदस्तीने परत चढवले. गुलामगिरी व सक्तीची चाकरी रद्द करणारी घटनादुरुस्ती आम्हाला लागू नाही काय, असे ते न्यायालयात विचारत होते. १८९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खलाशाला ती लागू नाही, कारण त्याचा करार पूर्वापार वेगळाच मानला गेला आहे. एका न्यायमूर्तींनी, जॉन हार्लन यांनी, विरोधी मत नोंदवले.

फुरुसेथने पुढची अठरा वर्षे वॉशिंग्टनमध्ये घालवली. खलाशाएवढाच पगार घेऊन, एका साध्या खोलीत राहून, तो प्रतिनिधींच्या दारी खेटे घालत राहिला. सिनेटर रॉबर्ट ला फॉलेट यांनी विधेयक हाती घेतले, टायटॅनिक बुडाल्यामुळे जीवनरक्षक होड्यांचा प्रश्न ऐरणीवर आला, आणि ४ मार्च १९१५ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी खलाशी कायद्यावर सही केली. जहाज सोडल्याबद्दलची कैद गेली. बंदरात आल्यावर कमावलेल्या पगारातला निम्मा मागून घेण्याचा हक्क आला, आणि हे हक्क अमेरिकेच्या बंदरात आलेल्या परदेशी जहाजांवरील खलाशांनाही मिळाले. त्यामागचा फुरुसेथचा हिशेब चतुर होता. परदेशी जहाजावरचा माणूस अमेरिकेत मोकळेपणाने उतरून जाऊ शकला तर त्याला टिकवण्यासाठी मालकाला अमेरिकन दराने पगार द्यावा लागेल, आणि सगळ्या समुद्रावरचे पगार हळूहळू वर येतील.

याच कायद्यात आणखी एक कलम होते. प्रत्येक विभागातील किमान ७५ टक्के माणसांना अधिकाऱ्यांचे हुकूम समजतील अशी भाषा आली पाहिजे. दिसायला हे सुरक्षिततेचे कलम, आणि बुडत्या जहाजावर ते महत्त्वाचे आहेही. परंतु त्याचा पहिला रोख पॅसिफिकवरच्या चिनी खलाशांवर होता, आणि समुद्र गोऱ्यांच्या हाती राहावा हे फुरुसेथ उघडपणे बोलत असे. रत्नागिरी जिल्ह्यातील शेकडो घरांना हे वाचताना टोचल्याशिवाय राहणार नाही. त्याच काळात आमच्या किनाऱ्यावरची माणसे, हिंदू आणि कोकणी मुसलमान दोन्ही, ब्रिटिश आगबोटींवर सारंग (खलाशांचा मुकादम), टिंडल (त्याचा मदतनीस) आणि खलाशी म्हणून जात होती. त्यांचे करारच वेगळे, पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी, आणि राहण्याची जागाही आखडती. खलाशाच्या गुलामीविरुद्ध लढणाऱ्या या माणसाच्या हिशेबात ते खलाशी म्हणून धरलेच गेले नव्हते. स्वस्त मजूर म्हणून मालक त्यांना वापरतो हे त्याला दिसले. त्या मजुरालाही आपल्या संघटनेत घ्यावे हे सुचले नाही. तरीही माझ्या क्रमात तो वरच राहतो, कारण त्याने बंद पाडलेली शिक्षा कोणत्याही रंगाच्या माणसाला होऊ शकत होती.

त्याचा पगार समान होण्याचा हिशेब मात्र जुळला नाही, आणि तो कसा फिसकटला हे नॉर्वेतच पाहायला मिळते. १९८७ मध्ये त्या देशाने एक वेगळी आंतरराष्ट्रीय जहाज नोंदणी सुरू केली. तिच्यात नोंदलेल्या जहाजांना नॉर्वेचा झेंडा लावून परदेशी खलाशी घेता येतात, आणि त्यांचे पगार त्यांच्या त्यांच्या देशातील संघटनांशी झालेल्या करारांप्रमाणे ठरवता येतात. त्यामुळे जहाजे नॉर्वेच्या झेंड्याखाली राहिली आणि त्यांच्यावर भारतीय व फिलिपिनो माणसांची भरती झाली. आमच्या भागातली अनेक पोरे आज बोटीवर आहेत ती अशा व्यवस्थांमुळेच, म्हणून तिला सरसकट नावे ठेवणे मला अप्रामाणिक वाटेल.

भाच्याला मी फुरुसेथचा हिशेब समजावून सांगितला तेव्हा त्याने दोन गोष्टी दाखवून दिल्या. नॉर्वेजियन अधिकाऱ्याला वर्षभर पगार, सुट्टीचाही; याला करार चालू असेल तेवढे महिने. आणि अमेरिकेच्या बंदरात उतरून जाण्याच्या मोकळिकीचे म्हणाल, तर व्हिसा असल्याशिवाय तिथे जेट्टीवर पाऊलही टाकता येत नाही, आणि व्हिसा असूनही जहाज सुटेपर्यंत परतला नाही तर कंपनीने आधी इमिग्रेशनला कळवायचे असते. “तुरुंग नाही मामा,” तो म्हणाला, “पण पुढची बोट कोणी देणार नाही.” मग त्याने सीडीसीची, म्हणजे बोटीवर जायला लागणाऱ्या नोंदपुस्तकाची, मुदत कधी संपते ते पाहिले आणि नूतनीकरणासाठी मुंबईला कधी जायचे याची चौकशी सुरू केली.